‘आता काही करण्यासारखं राहिलं नाही’ यानंतरचं काम

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हॉस्पिसमध्ये काम करणाऱ्या परिचारिकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढे सगळे वॉर्ड असताना तुम्ही मरणाच्या दारातल्या माणसांजवळ काम करायला का आलात? विचारणारा बहुधा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. मोठ्या पुण्याचं काम आहे, आमच्याच्याने झालं नसतं, मन घट्ट असावं लागतं, वगैरे. बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो. तरी या कौतुकात एक समजूत दडलेली असते, की इथे करण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि सिस्टर फक्त हात धरून बसते. ही समजूत रुग्णांना महागात पडते, कारण तिच्यामुळे ते फार उशिरा आमच्याकडे येतात. म्हणून हे पत्र. आमच्यापैकी बहुतेकींचं इथे येण्याचं आणि टिकून राहण्याचं कारण अगदी साधं आहे. नर्सिंग म्हणून जे काही शिकलो, ते इतक्या पूर्णपणे दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात वापरलं जात नाही.

दुखण्यापासून सुरुवात करतो आहोत, कारण येणारा माणूसही तिथूनच सुरुवात करतो. वाढलेल्या कॅन्सरचं दुखणं पुष्कळदा औषध असूनही हाताबाहेर जातं, केवळ कागदावर ‘लागेल तेव्हा’ असं लिहिलेलं असतं म्हणून. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. दुखायला लागल्यावर रुग्णाने बेल दाबायची, सिस्टरने येऊन विचारायचं, कुलूपबंद कपाट उघडायचं, रजिस्टरवर दोघींनी सह्या करायच्या, मग औषध पोटात जाणार आणि लागू पडायला आणखी अर्धा तास. दिवसातून पाच-सहा वेळा हे झालं की त्या माणसाचे कित्येक तास नुसते सोसण्यात जातात. मधल्या वेळात पुढच्या कळेची धास्ती असते. धास्तीने अंग आखडतं आणि आखडलेलं अंग जास्त दुखतं.

यावरचा उपाय आहे घड्याळ. दुखणं परतण्याआधीच पुढचा डोस द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली, तिच्यात ‘तोंडावाटे’ आणि ‘घड्याळाप्रमाणे’ ही दोन तत्त्वं अगदी पुढे होती. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, ते याच नियमित डोसाच्या पायावर. त्या मुळात परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, मग त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि १९५७ मध्ये डॉक्टर. आधुनिक हॉस्पिसची मांडणी करणाऱ्या व्यक्तीने आधी रुग्णाची कूस बदललेली होती, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पद्धतीच्या बारकाव्यांत ती जागोजागी दिसते.

डोस डॉक्टर लिहितात, पण तो किती लागतोय हे कळतं सिस्टरच्या चार्टवरून. एक उदाहरण देतो. रुग्णाला दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन चालू आहे, म्हणजे दिवसाला ६०. मधेच कळ उसळली तर द्यायचा जादा डोस साधारणपणे दिवसाच्या एकूण डोसाच्या सहाव्या भागाइतका, म्हणजे १० मिलिग्रॅम. तो दिवसभरात तीनदा द्यावा लागला तर एकूण झाले ९०. मग दुसऱ्या दिवशी दर चार तासांचा डोस १५ करण्याचा विचार होतो. सिस्टरने तीनपैकी एक जादा डोस लिहायचा विसरला, तर हा हिशेब चुकतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. (हे आकडे पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. म्हाताऱ्या किंवा फार खंगलेल्या माणसाची सुरुवात २.५ मिलिग्रॅमनेही होते, आणि मूत्रपिंडं थकलेली असली तर हेच औषध शरीरात साठत जातं. घरी कुणी हा हिशेब करू नये.)

चार्टवर नुसता शून्य ते दहामधला आकडा लिहून भागत नाही. रुग्ण कुठला शब्द वापरतो तो तसाच टिपावा लागतो. ‘करंट मारल्यासारखं’, ‘आग होते’, ‘मुंग्या येतात’ असं म्हणाला तर दुखणं नसेचं आहे, एकट्या मॉर्फिनने ते पुरतं जाणार नाही, सोबत गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं औषध लागेल. ‘पडून असलो की ठीक, हललो की जीव जातो’ म्हणाला तर हाडाचा संशय. ‘पिळवटून येतं आणि जातं’ म्हणाला तर आतड्याचा. सिस्टरने कागदावर फक्त ‘वेदना आहे’ असं लिहिलं की ही सगळी माहिती वाया गेली. आणि डोस वाढवत नेला तरी आकडा खाली येत नाही, विशेषतः रात्री, तेव्हा दुसरं काहीतरी विचारायचं असतं. साँडर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ म्हटलं ते हेच. शरीराचं दुखणं, मनाचं, घरच्या माणसांच्या काळजीचं आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचं, सगळं एकत्र. रात्री अडीच वाजता जे बोललं जातं ते सकाळच्या राउंडमध्ये बोललं जात नाही. त्या वेळी जागी असते ती सिस्टर.

मॉर्फिनची भीती अजून खूप आहे, ती नातेवाइकांमध्येच आहे असंही नाही. व्यसन लागेल, श्वास बंद पडेल. वेदनेच्या प्रमाणात आणि पायरीपायरीने वाढवलेल्या डोसात हे धोके फार कमी असतात, पण ते कमी राहतात ते कुणीतरी पाहत असतं म्हणून. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते, आठवडाभर मळमळ राहू शकते, दोन्ही बहुतेकांची ओसरते. हातापायांना झटके येणं, नसलेली माणसं दिसणं, उठवूनही नीट न उठणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, श्वास मिनिटाला आठाच्या खाली जाणं ही डोस जास्त होत असल्याची चिन्हं आहेत आणि ती याच क्रमाने येतील असा नेम नसतो. शरीराला औषधाची सवय होणं आणि माणूस व्यसनी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध एकदम तोडलं तर त्रास होतो म्हणून ते हळूहळू कमी करायचं, एवढाच त्या सवयीचा अर्थ.

बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. मॉर्फिन जितके दिवस, तितके दिवस ते राहतं. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्याच दिवशी जुलाबाचं, म्हणजे पोट साफ करणारं, औषध सुरू झालं पाहिजे. जी फाइल मॉर्फिन आहे पण जुलाबाचं औषध नाही अशी येते, ती पाहून पुढच्या आठवड्यात काय होणार हे कुठलीही अनुभवी सिस्टर सांगेल. मळ नुसता मऊ करून उपयोग नाही, आतडं हलवणारं औषधही हवं, कारण मॉर्फिनने आतडंच सुस्तावलेलं असतं. इसबगोलासारखा चोथा वाढवणारा उपाय इथे उलटतो. रुग्ण पाणी पिऊ शकत नसतो, आणि तो चोथा आत सुकून बसतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे खडा झालेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. चादर वारंवार खराब होते, घरचे सांगतात जुलाब लागलेत, कुणीतरी जुलाब थांबवायची गोळी देतं आणि कोंडी पक्की होते. हातमोजा घालून बोटाने तपासल्याशिवाय हे कळत नाही. या तपासणीची लाज वाटून ती टाळली की माणूस ओकाऱ्यांनी, पोटफुगीने, अस्वस्थतेने हैराण होतो. ती केली, एनिमा दिला, की तासाभरात तोच माणूस शांत झोपतो. इतकं लगेच दिसणारं फळ दुसऱ्या कुठल्या ड्युटीत मिळतं, आम्हांला ठाऊक नाही.

कातडीला चिकटवायच्या वेदनाशामक पट्टीबद्दल थोडक्यात. फेंटानिलची पट्टी लावली की दुखणं लगेच थांबेल असं समजून आधीची गोळी बंद करतात, ती चूक. पट्टीचा असर चढायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध चालू ठेवावं लागतं. ती ७२ तासांनी बदलायची, जुनी काढूनच नवी लावायची, काढलेली चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा रुग्णाला सपाटून ताप चढला की औषध जास्त वेगाने शरीरात जातं. शेकायची सवय घरोघर असते, म्हणून हे घरच्यांना दोनदा सांगायचं.

धाप लागलेल्या माणसाला पहिल्यांदा उशा लागतात. समोर टेबल, त्यावर उशी, त्यावर दोन्ही कोपरं टेकवून पुढे झुकून बसवलं की छातीला जागा मिळते. छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून वारा गालांवर आणि नाकापाशी घ्यायचा. तिथल्या नसांना गार वारा लागला की श्वास कोंडल्याची जाणीव कमी होते. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर नळीतल्या ऑक्सिजनने पंख्याहून जास्त काही साधत नाही, उलट नाक-तोंड सुकतं आणि मास्कमुळे बोलणं तुटतं. लहान डोसातलं मॉर्फिन धापेवरही चालतं. पलंगाभोवती जमलेल्या आठ माणसांना दोनवर आणणं, हेही त्या क्षणी औषधच असतं.

तोंडाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हे काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं. न बोलणाऱ्या, न खाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाहायचं कुणाला सुचत नाही. टॉर्च लावून पाहिलं तर जिभेवर खरपुडी, टाळ्याला पांढरे डाग, ओठ फाटलेले. पांढरे डाग खरवडल्यावर निघतात आणि खाली लालभडक कातडी दिसते, तर ती बुरशी. तिच्यावर निस्टॅटिनचे थेंब दिवसातून चार वेळा तोंडात फिरवून द्यायचे, त्याआधी कवळी काढायची आणि कवळीही वेगळी भिजवून स्वच्छ करायची. नाहीतर तोंड बरं होतं आणि कवळीतून बुरशी परत येते. रोजच्या निगेला लहान मुलाचा मऊ ब्रश, आणि कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा पुरतो. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे बऱ्याच ठिकाणी अजून वापरतात. त्यांनी क्षणभर बरं वाटतं, मग तोंड आधीपेक्षा जास्त सुकतं. शेवटच्या दिवसांत तासा-दीड तासाने ओल्या स्पंजने जीभ आणि गालाची आतली बाजू भिजवायची, आणि ओठांना मलम. ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलिन टाळून पाण्यात मिसळणारं मलम घ्यायचं.

हे सगळं सलाइन लावावं की नाही या वादाशी थेट जोडलेलं आहे. ‘तो तहानलेला मरतोय’ हे घरच्यांचं दुःख खरं असतं आणि ते उडवून लावणाऱ्या सिस्टरने हे काम करू नये. मात्र मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या माणसाला जी तहान जाणवते ती बहुतांशी सुकलेल्या तोंडाची असते आणि ती ओल्या स्पंजने भागते. शिरेतून सोडलेलं पाणी थकलेल्या शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते पायांवर सूज म्हणून, छातीत कफ म्हणून साठतं. अन्नाचंही तसंच. शरीर बंद होत चाललं म्हणून भूक जाते. नातेवाइकांना वाटतं की भूक गेली म्हणून शरीर बंद होतंय. हा क्रम त्यांना उभ्याउभ्या सांगून पटत नाही. खुर्ची घेऊन बसावं लागतं, आणि भरवण्याऐवजी त्यांच्या हातांना दुसरं काम द्यावं लागतं. तो स्पंज त्यांच्याच हातात द्यायचा. आई-वडिलांच्या ओठांवर पाणी लावणारी मुलं सलाइनचा आग्रह आपोआप सोडतात.

कूस बदलणं दर दोन तासांनी, हे पुस्तकात असतं. काटकोनात एका कुशीवर टाकलं तर सगळा भार कमरेच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचाच कल द्यायचा, हे हाताने करून शिकावं लागतं. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून उशी पोटरीखाली. वर सरकवायचं ते चादरीसकट दोघींनी उचलून, कारण ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. लालसर जागा बोटाने दाबून पाहायची. पांढरी होऊन परत लाल झाली तर वेळ आहे, लालच राहिली तर बेडसोरची सुरुवात झाली. अशा जागेवर चोळायचं नाही, आणि मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, ती कडेचा रक्तपुरवठा तोडते. अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत हाच दोन तासांचा नियम आम्ही सैल करतो. प्रत्येक हालचालीने माणूस कण्हत असेल तर कातडी वाचवण्यापेक्षा त्याची झोप मोठी. हा निर्णय कुठल्या यंत्रावर दिसत नाही, पलंगापाशी उभ्या असलेल्या सिस्टरलाच घ्यावा लागतो.

फुटलेल्या गाठीच्या जखमेचा वास हा एकेका कुटुंबाला दुरावणारा विषय. मुलं खोलीत यायची थांबतात, रुग्ण स्वतःच कुणाला जवळ येऊ देत नाही. वास येतो तो हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंचा, आणि त्यांच्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. जेल मिळालं तर उत्तम, नाहीतर गोळ्यांची पूड करून जखमेवर भुरभुरतात. काही दिवसांत खोलीतली हवा बदलते. जखम पुसायची नसते, सलाइनच्या पाण्याने हलकेच धुवायची. जुनं गॉज भिजवून, सुटेल तेव्हाच काढायचं, नाहीतर रक्त येतं. ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास जादा मॉर्फिन दिलेलं असावं. मोठ्या रक्तवाहिनीशेजारी गाठ असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायचे. पांढऱ्या चादरीवर पसरलेलं रक्त पाहिलेले नातेवाईक ते आयुष्यभर विसरत नाहीत, गडद टॉवेलवर ते तितकं अंगावर येत नाही. ही जखम बरी होणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वास गेला आणि नातवंडं पलंगावर येऊन बसली, तर त्या ड्रेसिंगने जे साधायचं ते साधलं.

गिळता येईनासं झालं की त्वचेखालची बारीक सुई आणि २४ तास चालणारा सिरिंज पंप. तोंडावाटे चालू असलेल्या मॉर्फिनच्या निम्मा डोस त्वचेखालून पुरतो. तो निम्मा करायला विसरणं ही गंभीर चूक ठरते. सुई छातीच्या वरच्या भागावर, दंडावर, पोटावर किंवा मांडीवर लावायची. सुजलेल्या किंवा शेकलेल्या, म्हणजे रेडिएशन घेतलेल्या जागी नाही. गोंधळलेला रुग्ण ओढून काढत असेल तर पाठीवर खांद्याच्या हाडापाशी, जिथे हात पोचत नाही. दर चार तासांनी जागा लाल झाली का, गळतंय का, सिरिंजमध्ये किती उरलं, औषध गढूळ झालं का आणि बॅटरी किती आहे हे पाहायचं. पंपाचा हिरवा दिवा लुकलुकतोय म्हणजे औषध जातंय असं नसतं.

शेवटच्या दिवसांतली तळमळ हे सगळ्यात अवघड प्रकरण. माणूस कपडे ओढतो, उठून जायला बघतो, जवळच्यांना ओळखत नाही. झोपेचं औषध देण्याआधी ओटीपोटावर हात ठेवून पाहायचं. लघवी तुंबलेली असते आणि सांगता येत नसतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला, लघवी निघाली, तळमळ संपली, असं वारंवार होतं. मग मळाची कोंडी, ताप, न निघालेलं दुखणं, नुकतं वाढवलेलं एखादं औषध, रक्तात वाढलेलं कॅल्शियम. हे सगळं पाहून झाल्यावर हॅलोपेरिडॉल किंवा मिडाझोलामसारखं शांत करणारं औषध. आधी इंजेक्शन आणि मग तपासणी, असा उलटा क्रम लागला तर भरलेली मूत्रपिशवी घेऊन माणूस गुंगीत पडून राहतो.

हॉस्पिसमध्ये तातडी नसते, असंही समजू नये. कॅन्सरच्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली, पाय लटपटू लागले, लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दाबला जात असल्याची शंका त्याच तासाला कळवायची. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं औषध आणि रेडिएशन वेळेत मिळालं तर उरलेले महिने तो स्वतःच्या पायावर संडासला जाऊ शकतो, नाहीतर नाही. तसंच छातीत बसवलेल्या, हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राचं. ते वेळेत बंद करून घेतलं नाही तर मरणाऱ्या माणसाला ते पुन्हा पुन्हा झटके देऊ शकतं. भरतीच्या कागदावर हा प्रश्न हवाच, आणि आणीबाणीत ते झटके थांबवायला चुंबक वॉर्डात. दुसरीकडे, चालू असलेलं बरंच काही थांबवायचंही असतं. चार वेळा बोट टोचून साखर, कोलेस्टेरॉलची गोळी, दर तासाचं रक्तदाब मोजणं. नेहमीच्या वॉर्डात हे थांबवायची मुभा नसते. इथे ‘याने रुग्णाला आज काय मिळेल’ हा प्रश्न सिस्टर विचारू शकते आणि डॉक्टरांना तिला उत्तर द्यावं लागतं, हे इथे काम करण्याचं आमचं फार मोठं कारण आहे.

शेवटची घरघर ऐकून घरच्यांना वाटतं माणूस गुदमरतोय. गिळण्याची क्रिया थांबलेली असते, घशात साठलेल्या पातळ स्रावातून हवा जाते, तो आवाज. माणूस बहुधा तो त्रास जाणवण्याच्या पलीकडे गेलेला असतो. कुशीवर वळवून डोकं थोडं वर केलं की बराच फरक पडतो. ग्लायकोपायरोलेट नवा स्राव रोखतं, साठलेला घालवत नाही, म्हणून ते घरघर सुरू होताच द्यायचं. सक्शनची नळी खोल घालणं शक्यतो नकोच. मग गुडघ्यांवर जांभळे चट्टे येतात, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो. यातलं प्रत्येक चिन्ह येण्याआधी सांगितलेलं असेल तर घरचे जवळ बसतात. सांगितलेलं नसेल तर ते ॲम्ब्युलन्स बोलावतात. ऐकू येतंय असं धरूनच सगळ्यांनी बोलायचं.

मृत्यूनंतरही नर्सिंग संपत नाही. जबडा आणि पापण्या आधी ताठरतात, म्हणून दोन ते चार तासांच्या आत शरीर सरळ, डोक्याखाली एक उशी, पापण्या अर्धा मिनिट हलक्या हाताने मिटून धरायच्या, कवळी परत बसवायची, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी. कुशीवर वळवताना छातीतली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येतो. नव्या मुलींना हे आधीच सांगून ठेवलं नाही तर त्या हादरतात. दहन होणार असेल तर पेसमेकर काढून घ्यावा लागतो, त्याची बॅटरी आगीत फुटते. आणि या सगळ्या वेळात त्या माणसाशी नावाने बोलायचं, आता हात उचलते, आता पाठ पुसते, असं.

हॉस्पिस म्हणजे लवकर मरण, हा समज अजून आहे. बोस्टनमधल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, दिली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की त्यांची मनःस्थिती आणि रोजचं जगणं बरं होतं, शेवटी जोरकस उपचार कमी झाले होते, आणि तरी मध्यक आयुर्मान ११.६ महिने होतं, इतरांचं ८.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा शुश्रूषेची गरज असते आणि ती मिळते सुमारे १४ टक्क्यांना. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला वर लिहिलेली कोंडी, सुकलेलं तोंड आणि ‘लागेल तेव्हा’ची गोळी येते.

मृत्यू रोज पाहून आम्ही थकत नाही, असा दावा नाही. एका पाळीत दोन माणसं गेली तर पाळी संपताना दहा मिनिटं एकत्र बसून बोलावं लागतं, आणि ज्या संस्था ही दहा मिनिटं ड्युटीच्या वेळातून देत नाहीत तिथून सिस्टर जातात. तरी आमच्या पाहण्यात, परिचारिका हे काम सोडतात ते मृत्यूपेक्षा टाळता आलं असतं अशा दुखण्यामुळे. रात्री दोन वाजता रुग्ण विव्हळतो, औषध कपाटात आहे, कपाटाची किल्ली सिस्टरकडे आहे, पण कागदावर ऑर्डर नाही आणि फोन उचलला जात नाही. अशा चार रात्री माणसाला आतून मोडतात.

म्हणून आमचं मागणं दोन गोष्टींचं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हॉस्पिसमध्ये एका दिवसाच्या भेटीला पाठवू नका, निदान महिनाभराची ड्युटी द्या. आल्या दिवशीचा रुग्ण आणि दुखणं ताब्यात आल्यावर, पोट साफ झाल्यावर, तोंड स्वच्छ झाल्यावरचा तोच रुग्ण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. आणि डॉक्टरांनी संध्याकाळी वॉर्ड सोडण्याआधी अखेरच्या दिवसांतल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर चार औषधं त्वचेखालून द्यायच्या डोसासह लिहून ठेवावीत: दुखण्याचं, ओकारीचं, तळमळीचं आणि घरघरीचं. कदाचित त्या रात्री त्यांतलं एकही लागणार नाही. लागलं, तर रुग्णापर्यंत पोचायला सिस्टरला पाच मिनिटं पुरतात.

आपल्या विश्वासू,
हॉस्पिसमध्ये काम करणाऱ्या काही परिचारिका